खरात सिस्टरांची भीती

खरात सिस्टर भित्र्या होत्या. त्यांना ओळखणाऱ्यांना हे पटणार नाही. ज्या बाईनं कापसाच्या गठ्ठ्यामागून निघालेला साप झाडूच्या दांड्यावर उचलून नाल्यापलीकडं सोडला, दारू पिऊन वॉर्डात शिरलेल्या माणसाला कॉलर धरून बाकावर बसवलं आणि वर त्याला लिंबूपाणी पाजलं, ती भित्री कशी? पण मी त्यांच्यासोबत सहा वर्षं काम केलं, आणि वस्तू बघून, मोजून, लिहून ठेवणं हाच माझा धंदा होता. जे बघितलं तेच सांगतो. सापाला त्या भीत नव्हत्या. त्या भीत होत्या गरम पाण्याला, नव्या चपलेला, बिब्ब्याला, नखं काढायच्या ब्लेडला आणि थंडीत शेकोटीपाशी पाय पसरून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना. पुढं त्या माझ्या वडिलांच्या दोन पायांना भ्यायला लागल्या. ते पाय राहतात की जातात, हा प्रश्न कित्येक वर्षं आमच्या घरात मुक्कामाला होता. म्हणून सिस्टरांविषयी लिहायचं तर त्या पायांविषयी लिहावं लागतं.

काळ बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. अंबड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी स्टोअरकीपर होतो. औषधं, चादरी, कंदील, फिनेल, सगळं माझ्या ताब्यात. सिस्टर भोकरदनकडून बदली होऊन आल्या. माहेर धावड्याचं, छप्पन साली बौद्ध झालेलं घर; बाप शेतमजूर, भाऊ शिक्षक. वय पस्तिशीचं असेल. अंगानं किरकोळ, पांढऱ्या साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि चालताना नजर पुढच्या माणसाच्या टाचांवर. पहिल्या दिवशी त्या स्टोअरच्या दारात उभ्या राहिल्या, माझ्याकडं म्हणजे माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "भाऊ, डाव्या चपलेचा अंगठा सुटून राह्यला. खिळा वर येईल."

संध्याकाळपर्यंत खिळा वर आला.

दवाखान्याच्या पायरीवर लोक चपला काढून आत येत. सिस्टर रोज त्या चपलांमधून एक फेरी मारत. एखादी उचलायची, उलटी करून झटकायची, आत दोन बोटं घालून चाचपायचं, खिळा लागला की पायरीशेजारच्या दगडानं ठोकून बसवायचा आणि चप्पल होती तिथं ठेवायची. कोणाची, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आमचा शिपाई कुरकुरायचा, "बाई, लोक म्हणतेन सिस्टर चपला चोरून राह्यली."

"म्हणू दे. पाय चोरीला गेल्यावर कोण म्हणंल?"

गुरुवारी गावचा बाजार. त्या दिवशी साखरवाले येत. साखरवाले म्हणजे ज्यांच्या लघवीत साखर सापडली ते. परीक्षानळीत निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, खाली स्पिरिटचा दिवा. निळं राहिलं तर बरं, हिरवं-पिवळं झालं तर सांभाळा, विटेच्या रंगाचं झालं तर डॉक्टरसाहेबांकडं. गोळ्या लिहून दिल्या की साहेबांचं काम संपे. सिस्टरांचं तिथून सुरू होई. त्या माणसाला व्हरांड्यातल्या बाकावर बसवत, पायांखाली स्टूल सरकवत आणि कापसाची वात वळत.

"डोळे मिटा. वात लागली की हं म्हणा."

अंगठा, करंगळी, तळवा, टाच. माणूस "हं" म्हणाला की सिस्टरांचा श्वास सुटलेला ऐकू येई. म्हणाला नाही की त्या पुन्हा त्याच जागी वात टेकवत, मग पुन्हा, आणि त्यांच्या वरच्या ओठावर घाम जमे. नावं लिहायला मी शेजारी बसे. नाव, गाव, उजवा, डावा. कळलं तर बरोबरची खूण, नाही कळलं तर गोल. मी गोल काढताना सिस्टर रजिस्टरकडं कधी बघत नसत.

"भाऊ, दुखणं म्हंजे राखण्या कुत्रं असतंय," त्या एकदा म्हणाल्या. "भुकलं की आपण उठतो. साखर आधी कुत्रं मारती, मंग घरात शिरती."

त्यांना कशाकशाची भीती वाटते, याची यादी मी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानावर केली होती. ती पुढं भिंतीवर लावायला उपयोगी पडली. अनवाणी चालणं, मग ते घरातून अंगणात का असेना. पाय धुवायचं पाणी हातानं नाही, कोपरानं बघायचं, आणि तेही घरातल्या दुसऱ्या माणसानं. बोटांच्या बेचक्या ओल्या ठेवायच्या नाहीत. तान्ह्या लेकराच्या पुसतो तशा पुसायच्या. भेगांना तेल लावा, बेचक्यांत नको. नख सरळ कापा, कोपऱ्यात शिरू नका. कुरूप झालं तर बिब्बा घालू नका, ब्लेडनं तासू नका, इकडं या. नवी चप्पल पहिल्या दिवशी घटकाभर. आणि शेवटचं कलम असं की तळवा रोज बघायचा, दुखो न दुखो. यातलं एकही कलम महागाचं नव्हतं, पण पाळून घ्यायला सिस्टर बाजारात माणसामागं धावायच्या. तीर्थपुरीच्या एका विधुर म्हाताऱ्याला त्यांनी बाजारातला गोल आरसा घ्यायला लावला. जमिनीवर ठेवायचा, वर पाय धरायचा, तळवा दिसतो. तो आरसा घेऊन निघाला तर चहाच्या टपरीवरचे हसले, "का हो बाबा, या वयात नटायचं काढलं का?" म्हातारा म्हणाला, "सिस्टर म्हणती, माझं थोबाड खालच्या अंगाला हाय."

या सगळ्या भीतीचं मूळ मला कळलं ते दोन रबरी पिशव्यांमुळं. शेकायच्या गरम पाण्याच्या पिशव्या, लाल रंगाच्या, नव्याकोऱ्या स्टोअरमध्ये आल्या. मी त्या वॉर्डात द्यायला नेल्या. सिस्टरांनी हात मागं घेतले.

"कुलपात ठेवा."

"अहो, थंडीचे दिवस आहेत. मागवून घेतल्यात."

"ठेवा म्हणते ना, भाऊ."

दोन दिवसांनी त्या स्वतःच स्टोअरमध्ये आल्या, बँडेजच्या खोक्यावर बसल्या आणि सांगितलं. शिकत होत्या तेव्हाची गोष्ट. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, वॉर्डात एक म्हातारी. साखरेची. थंडीतली सकाळ. म्हातारी म्हणाली, पोरी, पाय गार पडले, शेक. यांनी पिशवी भरून दिली. म्हातारी म्हणाली, गरम न्हाई लागत, अजून गरम आण. यांनी आणखी गरम पाणी भरलं. तरी म्हातारीला लागेना. तिसऱ्यांदा उकळतं भरलं, फडकं गुंडाळायचं राहिलं. म्हातारी झोपली. दुपारी चादर काढली तेव्हा दोन्ही तळव्यांवर पाण्यानं भरलेले फोड होते, पुरीसारखे फुगलेले. म्हातारी जागीच होती आणि तिला काहीच माहीत नव्हतं. एक पाय पुढं गुडघ्याखाली कापावा लागला.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," सिस्टर म्हणाल्या. "तिनं मरस्तोवर माझं नाव काढलं. या पोरीवाणी मायेनं मला कोणीच शेकलं न्हाई, म्हणायची."

त्या पिशव्या मी कुलपात ठेवल्या. तिथंच त्यांच्या रबराला चिरा पडल्या.

आता आबा. माझे वडील. तीर्थपुरीच्या बाजूला आमची जमीन, गावात शब्दाला मान, साठी उलटलेली, आवाज खणखणीत. साखर चार-पाच वर्षांपासून. मीच त्यांना एका गुरुवारी आग्रहानं दवाखान्यात आणलं. येताना त्यांनी घरून पाण्याचा तांब्या आणला होता. दवाखान्याचा माठ सिस्टर भरत, त्यामुळं आबा त्यातलं पाणी पीत नसत. पायाला त्यांनी हात लावायला आबांची हरकत नव्हती. पाय धरण्यात कोणाचं काय जातं, असा तो हिशोब. पाण्याला मात्र चालत नव्हतं. हे मला दिसत होतं आणि मी गप्प होतो. सिस्टरांनाही दिसलं.

"तांब्या राहू द्या आबा तिकडं," त्या म्हणाल्या. "मला पायच पाहिजेत."

आबांनी डोळे मिटले. सिस्टरांनी वात उजव्या अंगठ्याला टेकवली. तळव्याला टेकवली. टाचेवरून खाली ओढली. मग डावा पाय. मी "हं"ची वाट बघत पेन धरून बसलो होतो. सिस्टरांनी पदराची पिन काढली आणि तिचं टोक हलकेच दाबलं, एकदा, दोनदा, वेगवेगळ्या जागी. अंगणातल्या लिंबावर कावळे भांडत होते. आबा डोळे मिटून शांत बसलेले.

मग ते म्हणाले, "बाई, करा की सुरू. मला बाजार गाठायचाय."

मी दोन गोल काढले. दुसरा गोल उघडाच राहिला.

"झालं?" आबांनी डोळे उघडले. "म्हंजे बरं हाय ना? मागं लई मुंग्या यायच्या, तळव्याची आग व्हायची. औंदा बिलकुल बंद. आपसूक बरं झालं."

सिस्टरांनी वात मुठीत दाबली. "आबा, ते बरं न्हाई झालं. ते मुकं झालं."

आबा हसले आणि चपला घालून बाजारात गेले. सिस्टर कितीतरी वेळ त्या रिकाम्या स्टुलाकडं बघत होत्या. मला म्हणाल्या, "तुमच्या घरी पाया कोण कोण पडतं?"

पुढच्या आठवड्यात त्या घरी आल्या, दिवेलागणीच्या सुमारास. आमच्याकडं दिवा लागला की सून, मुलं, सगळी आबांच्या पाया पडत. ते ओसरीवर खाटेवर पाय सोडून बसत, आणि आम्ही वाकून, बोटं टेकवून, कपाळाला लावून पुढं होत असू. सिस्टर अंगणात उभ्या राहून ते बघत होत्या. माझी बायको सुमन वाकून उठली तशा म्हणाल्या, "वहिनी, पाया पडताना डोळे मिटता का उघडे ठेवता?"

"मिटतेच की."

"आजपासून उघडे ठेवा. दिवा जवळ घ्या. वाकलातच आहात तर तळवा बघा, बेचक्या बघा. लाल दिसलं, फोड दिसला, भेगेत काळं दिसलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची न्हाई."

आबा खेकसले, "हे पाया पडणं हाय का झडती?"

"दोन्ही एकदमच होतंय, आबा. खर्चा बी न्हाई."

सुमननं सहज विचारलं, "सिस्टर, तुम्ही पडलात तर तुम्हालाही दिसंल की."

"मी कोणाच्या पाया पडत न्हाई, वहिनी. आमच्या घरानं ते सोडलं. मी पाय बघते."

आबांची नजर वळली. महिन्याभरात सुमनला दिव्याच्या उजेडात करंगळीशेजारी फोड दिसला, नव्या चपलेचा. आबांना पत्ता नव्हता. आठ दिवसांत तो सुकला. तेव्हापासून सिस्टर प्रत्येक घरी हेच सांगू लागल्या. वाकणाऱ्या सुनांनी डोळे उघडे ठेवायचे. तालुक्यात किती सासरे त्यामुळं वैतागले असतील, त्याची नोंद माझ्याकडं नाही.

आणि मग नवसाचं निघालं.

माझा मुलगा जन्मला तेव्हा आबांनी राजूरच्या गणपतीला नवस बोलला होता: अंगारकीला जालन्याहून राजूरला अनवाणी चालत येईन. मग दुष्काळ पडला, ते राहिलं. आता हिवाळ्याच्या शेवटी अंगारकी आली होती आणि आबांनी ठरवलं होतं. सोळा मैल, मुक्या पायांनी. आईनं, सुमननं, मी सांगून पाहिलं. "बोललेलं फिरवत न्हाई," एवढंच उत्तर. मी सिस्टरांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्या घरी आल्या, पण आश्चर्य म्हणजे त्यांनी आबांना अडवलं नाही. फक्त विचारलं, "कितीला निघायचं?"

"कामून?"

"मी येते."

"तुमचा काय संबंध गणपतीशी?"

"गणपतीशी न्हाई. तळव्याशी हाय. दर मैलाला बसायचं आणि तळवे दाखवायचे. कबूल असंल तर मी तोंडातून एक शब्द काढत न्हाई."

आबांना वाटलं, बाई दोन मैलांत दमेल. कबूल केलं. सिस्टरांनी रजेचा अर्ज टाकला, कारण लिहिलं: एका रुग्णाच्या पायासोबत जायचे आहे. डॉक्टरसाहेबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

मंगळवारी उजाडता आम्ही जालना सोडलं. रस्त्याला माणसांची रांग होती, अनवाणी, दूर्वा-नारळ घेतलेली. आबा पुढं, मी शेजारी, आणि मागं दोन पावलांवर कॅनव्हासचे बूट घातलेल्या सिस्टर, खांद्याला पिशवी, नजर आबांच्या टाचांवर. लोक विचारत, "बाई, तुमचा बी नवस का?"

"न्हाई, ड्युटी."

दर मैलाच्या दगडापाशी आबा बसत. सिस्टर फडक्यानं तळवे पुसत, बेचक्या उघडत, बघत. "चला." आबा कुरकुरत, "अशानं चतुर्थी इथंच सोडावी लागंल." पाच मैल झाले. ऊन वर आलं. सहाव्या मैलात एक दिंडीसारखा मोठा घोळका मागून आला, आम्ही त्यात सापडलो आणि सिस्टर मागं पडल्या.

पुढचं त्यांनी मला नंतर सांगितलं. तिथं डांबर संपून मुरूम लागला होता. घोळका पुढं गेल्यावर त्यांना धुळीत एक काळपट ओला ठिपका दिसला. कोणीतरी पान थुंकलं असेल. दोन पावलांवर दुसरा. मग तिसरा, तेवढ्याच अंतरावर.

मी फक्त त्यांचा आवाज ऐकला. "आबा! थांबा! पाय उचला, टेकू नका!" सिस्टरांना पळताना मी त्या एकदाच बघितलं. आबा गोंधळून एका पायावर उभे राहिले, मी त्यांना धरलं, रस्त्याकडेच्या दगडावर बसवलं. सिस्टरांनी उजवा तळवा वर केला. मधोमध, धुळीचा आणि रक्ताचा लगदा. पाण्यानं धुतल्यावर दिसला तो फक्त एक काळा ठिपका, जोंधळ्याच्या दाण्याएवढा. त्यांनी पिशवीतून चिमटा काढला, ठिपका धरला आणि ओढायला लागल्या. तो येतच राहिला, येतच राहिला. बाभळीचा काटा, बोटाच्या दीड पेराएवढा.

आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "काय करून राह्यली रे ती?"

सिस्टरांनी काटा त्यांच्या तळहातावर ठेवला.

"कुठं घुसला, आबा?"

आबा काट्याकडं बघत राहिले.

"कवापासून ह्याच्यावर चालून राह्यले?"

आबांनी काटा उचलला. त्याचं टोक हाताच्या अंगठ्यावर दाबलं आणि चटकन हात झटकला. मग वाकून तेच टोक डाव्या पायाच्या तळव्यावर दाबलं. थांबले. अजून जोरानं दाबलं. सिस्टरांनी त्यांचं मनगट धरलं. आबांनी मान वर केली. माझे वडील दुष्काळात विहिरीचा कोरडा तळ बघून आले होते तेव्हाही त्यांचा असा चेहरा नव्हता. आपल्याच अंगाचा एक तुकडा आपल्याला न सांगता कोणाचा तरी होऊन गेलाय, आणि ते आता कळतंय, असा तो चेहरा.

ते म्हणाले, "मंग नवसाचं काय?"

"तुमच्या देवाचं मला ठाव न्हाई. तुम्ही त्याला विचारा. पायाचं विचाराल तर आता एक पाऊल न्हाई."

आबांनी डोळे मिटून हात जोडले. मग मला म्हणाले, "चपला काढ. उरलेलं तू चाल."

सिस्टर पट्टी बांधत होत्या. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. आबांनी घरून आणलेला आपला तांब्या उचलला, क्षणभर हातात धरला आणि त्यांच्यासमोर केला. "घ्या, बाई."

"माझं हाय," सिस्टर म्हणाल्या, आणि पिशवीतून बाटली काढून प्यायल्या. आवाजात राग नव्हता, दुसरंही काही नव्हतं. आबांनी तांब्या खाली ठेवला.

जालन्याकडं परतणाऱ्या एका जीपवाल्यानं दोघांना घेतलं. आबांचा पाय सिस्टरांच्या मांडीवर होता, जमिनीला लागू नये म्हणून. मी उरलेले दहा मैल अनवाणी चाललो. माझे पाय शेतकऱ्याचे राहिले नव्हते, खडी टोचत होती, ऊन भाजत होतं, आणि दर खड्याला माझ्या तोंडून आपोआप "हं" निघत होतं. देवळात पोचलो तेव्हा मी काय मागितलं, ते सांगायला नको.

पुढचे सहा आठवडे आम्ही रोज सकाळी भीत उठलो. धनुर्वाताचं इंजेक्शन, पेनिसिलीन, आणि हुकूम असा की पाय जमिनीला टेकायचा नाही, भोक बुजलं तरी नाही. सिस्टर सायकलवरून आमच्या घरी येत, ड्युटीच्या आधी. पट्टी सोडली की जखम बघण्याअगोदर ती नाकाशी नेत. डोळे मिटून वास घेत. आम्ही सगळे त्यांच्या नाकपुड्यांकडं बघत उभे. "बराबर," म्हणाल्या की आई स्वयंपाकघरात जायची.

नवव्या दिवशी त्यांनी पट्टी दोनदा हुंगली आणि "बराबर" म्हणाल्या नाहीत. पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता. आबा आरामात सुपारी कातरत बसले होते. त्यांना काही दुखत नव्हतं. डॉक्टरसाहेब आले, त्यांनी चीर दिली, आतून पू निघाला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "तीन दिवस बघू. लाली वर चढली तर औरंगाबादला न्यावं लागेल. मग बोटं की घोटा, ते तिथं ठरेल." सिस्टरांनी लालीच्या कडेनं पायावर पेनानं रेघ मारली. तीन दिवस आम्ही त्या रेघेकडं बघितलं. आबांनी सुपारी सोडली. तेही आता सिस्टर आल्या की पहिल्यांदा विचारत, "वास हाय का, बाई?"

पहिल्या दिवशी लाली रेघेवर होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या सकाळी सिस्टरांनी पट्टी नाकाशी नेली, खूप वेळ तशीच धरली आणि म्हणाल्या, "नुसता औषधाचा येतोय." लाली रेघेच्या आत उतरली होती. त्या पायरीवर बसल्या. गुडघ्यांत डोकं घालून बसल्या. सुमननं चहा आणून ठेवला, तो गार झाला.

पाय वाचला. सिस्टरांनी मोच्याकडून टायरचा तळ आणि आत मऊ रबर लावलेल्या चपला करून घेतल्या. आबा त्या घरातही घालत. तांब्याचं पुढं काय झालं, असं कोणी विचारेल. आबा दवाखान्यात येताना तो आणेनासे झाले, एवढं खरं. मन बदललं की विसरले, मला माहीत नाही; मी विचारलं नाही. सिस्टर मात्र आमच्या घरी येताना स्वतःची बाटली आणतच राहिल्या.

दशक सरता सरता त्यांची जालन्याला बदली झाली. त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी आबा छातीत कळ येऊन गेले, खाटेवरच.

सिस्टर दुपारच्या एसटीनं आल्या. आबांना अंगणात ठेवलं होतं, माणसं एकेक येऊन पायांना हात लावून मागं सरत होती. सिस्टर रांगेत उभ्या राहिल्या. त्या पुढं आल्या तशी गर्दी थोडी सरकली, जागा द्यायला की अंतर ठेवायला, सांगता येत नाही. त्यांनी हात जोडले नाहीत. त्या आबांच्या पायांशी उकिडव्या बसल्या आणि वाकल्या.

सुमननं उशाशी ठेवलेला दिवा उचलला आणि पायांजवळ धरला.

सिस्टरांनी पांढरं कापड बाजूला केलं. उजवा तळवा बघितला. मधोमध काट्याचा फिकट वण होता, त्यावर अंगठा फिरवला. डावा बघितला. टाचा. मग एकेक बेचकी उघडून बघितली, दहाही बोटांची. अंगणातलं रडणं थांबलं होतं. सगळे बघत होते. सिस्टरांनी कापड पुन्हा ओढून पायांखाली नीट खोचलं.

"बराबर," त्या म्हणाल्या.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला जाणार होतो, पण माझ्या हातातलं काम सुटेना. लांबून बघितलं. फाटकापाशी माणसांच्या चपलांचा ढीग पडला होता. सिस्टर तिथं थांबल्या, वाकल्या, एक चप्पल उचलली. उलटी करून झटकली. आत दोन बोटं घातली. मग इकडंतिकडं बघून एक दगड शोधला, खिळा ठोकून बसवला, आणि चप्पल होती तिथं ठेवून एसटीच्या रस्त्याला लागल्या.